थुनेरच्या खुणा

पहिलं पाकीट आलं तेव्हा मी थुनेरचं झाड पाहिलेलं नव्हतं. आजही पाहिलेलं नाही. पण त्याची पानं मात्र इतकी हाताळलीत की डोळे मिटून बोटांनी ओळखेन. चपटी, टोकाला अणकुचीदार, वरून गडद आणि खालून फिकट.

थुनेर हिमालयात उगवतं, मोठ्या झाडांच्या सावलीत. सूचिपर्णी असलं तरी देवदारासारखं उंच जात नाही. वाढ इतकी सावकाश की मनगटाएवढं खोड व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. त्याच्या सालीत आणि पानांत कॅन्सरच्या औषधाला लागणारं द्रव्य असतं आणि तेच त्याच्या मुळावर आलंय.

आमची लॅब अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात. खाली इमिटेशनच्या दागिन्यांना मुलामा देणारं युनिट, त्यामुळे जिन्यात कायम अ‍ॅसिडचा वास. मी घाटकोपरहून मेट्रोने येते. लॅब मॅडमची. साठीला आलेल्या, बुटक्या, तोडून बोलणाऱ्या. त्या आधी एका औषध कंपनीत होत्या. तिथे थुनेरची साल पोत्यांनी यायची.

"त्या पोत्यांतला माल तपासायचं काम माझं होतं," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "साल चांगली आहे की नाही एवढंच बघायचं. झाडं किती उरली हे कुणी विचारलं नाही. मीपण नाही."

कंपनी सोडल्यावर त्यांनी ही लॅब काढली. इतर कामं चालायचीच, मसाल्यांतली भेसळ, बियाणांची शुद्धता. पण त्यांचा जीव थुनेरमध्ये होता. उरलेल्या झाडांत एकमेकांपेक्षा वेगळेपणा किती शिल्लक आहे हे त्यांना शोधायचं होतं आणि त्यासाठी आधी मार्कर बनवायचे होते, म्हणजे झाड ओळखायच्या खुणा.

हे मी बाबांना समजावून सांगितलं होतं. बाबा गिरणीतले, गिरणी गेल्यावर कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये राहिले. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही घरात मालवणीच बोलतात.

"झाडाच्या डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात बाबा, तोतरं बोलल्यासारखी. एका झाडात दहा वेळा, दुसऱ्यात चौदा वेळा. आईकडून एक आकडा येतो, बापाकडून एक. अशी पुष्कळ ठिकाणं तपासली की कुठलं झाड कुणाचं ते कळतं."

"म्हणजे झाडाची कुंडली काढतंस," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "पण ता झाड आसा तरी खंय गो?"

झाड कुठे आहे हे मलाही नीट माहीत नव्हतं. पाकिटं पाठवायचे ते मास्तरजी. वरच्या एका खेड्यातले निवृत्त शाळामास्तर. मॅडमची त्यांची ओळख कंपनीच्या काळातली. ते डोंगर चढून प्रत्येक झाडाची डहाळी तोडायचे, पानं सिलिका जेलच्या खड्यांबरोबर पिशवीत घालायचे आणि पिशवीवर निळ्या पेनाने जागेचा नंबर आणि झाडाचा नंबर लिहायचे. सोबत वहीचं एक पान असायचं, त्यावर हिंदीत टिपण: जागा कुठे, उंची किती, वाटेत काय लागतं. ते पान मॅडम कपाटात ठेवून कुलूप लावायच्या. "नकाशा बाहेर गेला की झाड गेलं," त्या म्हणायच्या. मला हे जरा अति वाटायचं.

सुरुवातीचे महिने फुकट गेले. डीएनए निघायचाच नाही. पानं द्रव नायट्रोजनमध्ये घालून खलबत्त्यात कुटायची, मग कुजक्या वासाच्या गरम द्रावणात ठेवायची, क्लोरोफॉर्मने धुवायची आणि शेवटी नळीच्या तळाशी पांढरा धागा यायच्या जागी तपकिरी चिकट गोळा. चिंचेच्या कोळासारखा. मौल्यवान पानं वाया जाऊ नयेत म्हणून मी सराव आमच्या सोसायटीच्या बागेतल्या ख्रिसमस ट्रीवर केला. वॉचमनने दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच एक फांदी काढून ठेवली.

धुण्याची पद्धत बदलली, मीठ वाढवलं, तेव्हा कुठे स्वच्छ डीएनए आला. एका झाडाचा तो बाहेरच्या मोठ्या लॅबमधून अक्षर न् अक्षर वाचून आणला. कॉम्प्युटरवर त्यातली तोतरी ठिकाणं शोधली. त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटतील असे प्राइमर मागवले, म्हणजे डीएनएचे बारीक तुकडे, जे मशिनला सांगतात की इथून इथपर्यंतच नक्कल कर. बहुतेक चाललेच नाहीत. काही चालले तर सगळ्या झाडांत एकच उत्तर देणारे. जो सगळ्यांना एकच नाव सांगतो त्याचा उपयोग काय?

एका दुपारी काळोख्या खोलीत, डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर, एकाच झाडाच्या रकान्यात दोन पट्ट्या दिसल्या. शेजारच्या झाडात त्यातली एकच आणि तिसरी वेगळी. मी मॅडमना हाक मारली. त्या हातातला चहा घेऊनच आत आल्या, जे त्या कुणालाच करू द्यायच्या नाहीत.

"चालला," त्या म्हणाल्या. "चालला गं."

त्या दिवशी आम्ही दोघी हसलो. त्या कामात मनमोकळं हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

पुरेसे मार्कर जमल्यावर सगळ्या पाकिटांवर ते चालवले. मोठ्या झाडांवर आणि त्यांच्याखाली उगवलेल्या रोपांवरही. आकडे तक्त्यात भरत गेले तसं मला काहीतरी खटकायला लागलं. थुनेरमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. रोपाचे आकडे घ्यायचे, त्यातून आईचा आकडा वजा करायचा, उरतो तो बापाचा. खालच्या दरीतल्या सगळ्या जागांत रोपांच्या बापाचा आकडा तोच तोच येत होता. मला वाटलं नळ्या मिसळल्या. पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच.

मॅडमनी तक्ता बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"नळ्या नाही मिसळल्या. त्या अख्ख्या दरीत एकच नर उरलाय."

"मग तो एक गेला तर?"

"तर उरतील ती ही रोपं, सगळी एकमेकांची भावंडं. पुढे काय होईल ते तूच सांग."

फक्त एक जागा वेगळी निघाली. बारा नंबर. वरच्या अंगाला, जिथे गुरंसुद्धा जात नाहीत. तिथल्या थोड्याशा झाडांत इतर कुठेच न दिसलेले आकडे होते. नर चार-पाच होते, रोपं वेगवेगळ्या बापांची होती. जे काही वेगळेपण उरलं होतं ते त्या एका उतारावर. मला आनंद झाला. मॅडमना झाला नाही. "हे लॅबबाहेर बोलायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचं होतं पण गुंतागुंत झाली आणि डॉक्टरांनी वाचायची, स्क्रीनकडे बघायची बंदी घातली. लॅब माझ्यावर आली.

त्याच सुमारास तो मेल आला. औषधी वनस्पतींची नर्सरी काढतोय असं लिहिणारा एक माणूस. मॅडमचं एका सभेतलं बोलणं त्याने ऐकलं होतं. कुठल्या बनात वेगळेपण जास्त आहे हे कळलं तर तिथल्या फांद्यांपासून रोपं करता येतील, असं म्हणणं. भाषा सभ्य, काम चांगलं. मी मॅडमना फोन केला.

"आकड्यांचा तक्ता दे हवा तर," त्या म्हणाल्या. "जागा काढून टाक. फक्त नंबर ठेव."

"हो, मॅडम."

आता हे सांगायलाच हवं. कपाटातली पानं मी माझ्या सोयीसाठी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. दर वेळी किल्ली मागायचा कंटाळा म्हणून. त्याच फाइलमध्ये, आकड्यांच्या शेजारी. जागा, उंची, वाट आणि पानं गोळा करणाऱ्याचं नाव आणि फोन. पाठवताना मी ते कॉलम हाइड केले. पुसले नाहीत. स्क्रीनवर दिसत नव्हते, मला तेवढं पुरलं. फाइल जोडली आणि जेवायला गेले.

तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. आभार मानले होते. खाली एक ओळ होती: बारा नंबरची जागा नाल्याच्या डाव्या अंगाला असल्यामुळे आमच्या माणसांना सोयीची पडेल.

मी ती ओळ वाचली आणि पुढचं काम करायला लागले. पिपेट हातात घेतल्यावर ती परत डोक्यात आली. नाला? नाल्याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. नाला होता तो मास्तरजींच्या टिपणात.

पाठवलेला मेल उघडला. फाइल उघडली. कॉलमच्या अक्षरांत पाच अक्षरं गायब होती आणि त्या जागी एक बारीक दुहेरी रेघ. तिच्यावर क्लिक केल्यावर सगळं बाहेर आलं. डोंगर, नाला, वाट. आणि मास्तरजींचा फोन नंबर.

मी चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. मनाशी म्हणत होते, माणूस खरोखर नर्सरीवाला असेल. त्याने दिलेला फोन लावला तर तो बंद. नर्सरीचं नाव शोधलं तर त्या नावाचं काहीच सापडलं नाही. घरी जेवण जाईना. आई म्हणाली, "तुझा चेहरा असा का झालाय गं?" मी म्हटलं, केमिकलचा वास. पाचव्या दिवशी मास्तरजींना फोन केला आणि सगळं सांगितलं.

ते हसले. "अरे बेटी, मुझे तो यहाँ सब जानते हैं। घबराओ मत।" मग म्हणाले की वरती बर्फ आहे, वाट उघडली की जाऊन बघतो. आणि फोन ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं, "हाँ, पिछले हफ्ते दो लोग आए थे। पूछ रहे थे ऊपर का रास्ता।"

रविवारी सकाळी मी जुहूला मॅडमच्या घरी गेले. काळा चष्मा लावून त्या बाल्कनीत बसल्या होत्या. खाली गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं, रेडिओ चालू होता. मी सांगायला सुरुवात केली आणि अडखळले.

"मेल आहे ना? वाच," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. तू वाच."

मला तो मेल मोठ्याने वाचावा लागला. आधी माझा, मग त्याचा. नाल्याच्या ओळीपाशी थांबले.

"पुढे?"

"एवढंच आहे."

रागावतील, कामावरून काढतील, असं काय काय मी धरून चालले होते. त्या फक्त म्हणाल्या, "मी कंपनीत असताना अशी किती ठिकाणं कागदावर वाचलीत. प्रत्येक पोत्यावर लिहिलेलं असायचं." मग हात पुढे करून चाचपत पाण्याचा ग्लास उचलला. मी तो हातात दिला नाही.

त्यांनी त्याच दिवशी तिकडच्या वन खात्यात ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. बघतो म्हणाला.

वाट उघडल्यावर मास्तरजी चढून गेले. दुपारी लॅबमध्ये त्यांचा फोन आला. रेंज तुटत होती, त्यामुळे ते एकेक वाक्य दोनदा बोलत होते आणि मला ते दोनदा ऐकावं लागत होतं.

"पूरा छील दिया है। खड़े पेड़ को। पूरा छील दिया है।"

झाडं तोडली नव्हती. तोडायला आवाज होतो, वेळ लागतो. उभ्या झाडांची साल जमिनीपासून हात पोचेल तिथवर सोलून नेली होती, चारी बाजूंनी. बहुतेक सगळ्या मोठ्या झाडांची. फांद्या वर तशाच होत्या, पानं हिरवीगार.

"अभी हरा है," मास्तरजी म्हणाले. "पेड़ को अभी पता नहीं चला है।"

त्यांनी वन खात्याच्या चौकीवर तक्रार दिली. तिथे उलटं त्यांनाच विचारलं, पिशव्या घेऊन इतकी वर्षं वर कोण जातं? वर जाणाऱ्यांच्या नोंदवहीत तर तुमचंच नाव आहे. दोन वेळा बोलावून बसवून ठेवलं. मॅडमनी पत्र पाठवलं, ही पानं आमच्या कामासाठी, परवानगीनेच घेतलेली आहेत, म्हणून. त्यानंतर बोलावणं थांबलं. पण त्यांच्या मुलाने मला फोन करून सांगितलं, "दीदी, अब पापा को मत भेजना।" मी हो म्हटलं.

मार्करवरचा पेपर तोवर लिहून झाला होता. मॅडमनी जागेच्या रकान्यात फक्त 'पश्चिम हिमालय' लिहिलं. तपासणाऱ्यांनी नेमकी ठिकाणं मागितली. मॅडमनी नाही म्हणून कळवलं आणि त्यावर पुष्कळ पत्रापत्री झाली, पण शेवटी पेपर छापून आला. मार्कर मात्र पूर्ण द्यावेच लागतात, अक्षर न् अक्षर. कुणालाही मागवता यावेत, कुठल्याही थुनेरवर वापरता यावेत, म्हणूनच तर आपण बनवले, असं त्या म्हणाल्या. बाबांनी माझं नाव इंग्रजीत छापलेलं पान सोसायटीच्या सेक्रेटरीला नेऊन दाखवलं. मला ते बघवलं नाही.

वर्षभराने बोरिवलीहून एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, गोड बोलणं. जडीबुटीचा जुना धंदा. एका स्टीलच्या डब्यात सालीचा भुगा होता.

"खरी थुनेर आहे की भेसळ, तेवढं फक्त लिहून द्या. पार्टी सर्टिफिकेट मागतेय."

असे नमुने आमच्याकडे येतातच. मी पावती दिली. भुग्यातून डीएनए काढला, तुटलेला होता पण आमच्या खुणा लहान, त्या निघाल्या. साल एका झाडाची नव्हती, पुष्कळ झाडांची एकत्र होती. स्क्रीनवरच्या आलेखात शिखरांची गर्दी झाली, प्रत्येक शिखर म्हणजे एक आकडा. मी एकेक आकडा लिहून घेत गेले. तिसऱ्या मार्करला एक आकडा आला जो बारा नंबर सोडून कुठेच नव्हता. पाचव्याला आणखी एक. आठव्याला जो आला तो मला तक्त्यात बघायची गरजच पडली नाही. तो एकाच झाडात होता. बारा नंबरचं सातवं झाड. त्याची पिशवी मी स्वतः उघडली होती.

मॅडमना बोलावलं. त्यांचा एक डोळा आता बरा होता, त्या तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ नेऊन बघत राहिल्या.

"हे तेच आहे ना?" मी विचारलं.

"मला वाटतं तेच आहे. पण आपण न बघितलेलं दुसरं बन कुठेच नाही, हे तू शपथेवर सांगशील?"

मला सांगता आलं नसतं.

"तेच विचारतील तुला," त्या म्हणाल्या.

तरी त्यांनी सगळं लिहून, आकड्यांसकट, वन खात्याला पाठवलं. डब्यातला अर्धा भुगा सीलबंद करून ठेवला. चार दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन आला. रिपोर्ट झाला का? मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला.

"आम्ही रिपोर्ट देणार नाही. ही साल कुठून आणलीत?"

"मॅडम, मी तर घेणारा माणूस. मला काय माहीत." आवाज जरासुद्धा चढला नाही. "ठीक आहे, तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. दुसऱ्या लॅबमध्ये होतं. तुमचा तो पेपर आहे ना, त्यावरूनच करून देतात. चांगली सोय केलीत तुम्ही."

फोन बंद झाला. खालच्या युनिटमधली मोटार सुरू झाली आणि टेबलावरच्या नळ्या किणकिणायला लागल्या. मॅडम आपल्या खोलीत गेल्या. वन खात्याकडून पत्र मिळाल्याची पोच आली. त्यानंतर काही आलं नाही.

गेल्या शरदात बऱ्याच दिवसांनी मास्तरजींचा फोन आला. मुलाला न सांगता ते वर जाऊन आले होते. दम लागलेला होता पण आवाज खूश. सोललेल्या झाडांना यंदा इतकं फळ आलंय, म्हणाले, की फांद्या लालभडक झाल्यात, असं त्यांनी जन्मात पाहिलं नाही.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि हळूच म्हणाल्या, "मरायच्या आधी झाड असं करतं." मास्तरजींना ऐकू गेलं असावं.

मग ते म्हणाले की बिया त्यांनी आणल्यात, खिसे भरून. थुनेरचं बी रुजायला दोन-दोन हिवाळे लागतात, कधी त्याहून जास्त, हे त्यांना ठाऊक आहे. वयही ठाऊक आहे. ओल्या वाळूत पुरून ठेवल्यात. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही.

मी विचारलं नाही.